टॅपेट, प्लग आणि पाठीमागे बसलेला मुलगा

रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' कपाटात आहे अशी घरं माझ्या ओळखीत दहा-बारा तरी असतील. ते शेवटपर्यंत वाचलेली माणसं मात्र तीन. त्यातला एक मेकॅनिकल इंजिनियर, त्यानं तत्त्वज्ञानाची पानं गाळली. एक तत्त्वज्ञान शिकवणारी बाई, तिनं मोटरसायकलची पानं गाळली. तिसरा मी. मी दोन्ही वाचली, आणि माझी तक्रार या दोघांपेक्षा वेगळी आहे.

पुस्तक १९७४ सालचं. त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं, आणि छापल्यावर ते लाखांनी खपलं. गोष्ट सांगायला सोपी आहे. १९६८ च्या उन्हाळ्यात एक बाप आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटातून निघतो आणि पश्चिमेला थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो. सोबत काही दिवस जॉन आणि सिल्विया सदरलँड हे मित्र-जोडपं, त्यांच्याकडे बीएमडब्ल्यू. बापाकडे होंडा सुपरहॉक, ३०५ सीसी, दोन सिलिंडर. वाटेत बाप आपल्याशी, म्हणजे वाचकाशी, बोलत राहतो. यंत्रांबद्दल, ग्रीकांबद्दल, 'क्वालिटी' नावाच्या त्याच्या एका खुळाबद्दल. त्या खुळापायी तो एकदा वेडा ठरला होता आणि विजेचे झटके देऊन त्याला 'बरं' केलं गेलं होतं. त्या आधीच्या, पुसून टाकलेल्या स्वतःला तो 'फीड्रस' म्हणतो.

झेनबद्दल यात फारसं काही नाही, आणि मोटरसायकलबद्दलही फार भरवसा ठेवू नका, असं लेखकच सुरुवातीच्या टिपेत बजावतो. पहिलं खरं आहे. दुसरं मला पटत नाही. मोटरसायकलबद्दलची पानं हा या पुस्तकातला सर्वात खणखणीत भाग आहे. ती चांगली आहेत म्हणूनच त्यांच्यात काय नाही ते डोळ्यांत भरतं.

आठवं प्रकरण घ्या. मुक्काम माइल्स सिटी, माँटाना. निवेदक गाडीचं ट्यूनिंग करायला बसतो. गॅरेज नाही, मेकॅनिक नाही; त्याची हत्यारं आणि तो. प्लग काढून बघतो तर काजळी. पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणजे मिश्रण 'रिच' झालंय. मैदानातून वर चढत आल्यामुळे हवा विरळ झाली आहे. लडाखला कार्बोरेटरवाली बुलेट घेऊन गेलेल्या कुणालाही हे शिकवायला नको. खारदुंगला चढताना गाडी धापा टाकते, काळा धूर सोडते आणि रायडर ऑक्सिजनचा डबा स्वतःच्या नाकाला लावतो, गाडीला लावता येत नाही म्हणून. मग तो टॅपेटकडे वळतो. हे करता करता तो वाचकाला सांगतो की तुमच्यासमोर दिसणारी ही लोखंडी वस्तू म्हणजे मुळात विचारांची मांडणी आहे. निसर्गात पोलादाला स्वतःचा आकार नसतो; खाणीतून कुणी पिस्टन खणून काढत नाही. आकार माणसाच्या डोक्यातून येतो. म्हणून मोटरसायकल दुरुस्त करणारा माणूस लोखंडावर काम करतोय असं वाटलं तरी तो काम करतो कल्पनांवर.

हे वाचून मान डोलावणं सोपं आहे. खरं आहे की नाही ते बघायचं तर एकदा जुनं इंजिन उघडून बसायला हवं.

माझ्याकडचं इंजिन होंडाचं नाही. जुनी बुलेट आहे, ३५० सीसी, ओतीव लोखंडी सिलिंडरची, गिअर उजव्या पायात. मद्रासमध्ये १९५५ पासून या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढची पन्नासेक वर्षं मूळ इंजिन फारसं बदललं नाही. पुढे दोन हजारच्या दशकाअखेर नवं इंजिन आलं, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि इंधनाचा हिशेब कॉम्प्युटरकडे गेला. तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत पॉइंट नावाची वस्तू नाही, टॅपेटला तुम्ही कधी हात लावला नसेल, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण पर्सिग कशाबद्दल बोलतोय ते कळायला हा अर्ध्या दिवसाचा उद्योग माहीत असलेला बरा.

इंजिन थंड हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. प्लग काढायचा, त्याचा रंग बघायचा. काळी सुकी काजळी म्हणजे रिच. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. कडक कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक. मग उजव्या बाजूचं, सिलिंडरच्या बुडाशी असलेलं टॅपेटचं झाकण काढायचं. आत दोन पुशरॉड दिसतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, की दोन्ही व्हॉल्व बंद असतात. आता पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. इथे फिलर गेज लागत नाही. या गाडीत ते माप बोटांचं आहे.

पॉइंटचं मात्र गेजशिवाय भागत नाही. फट ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंटवर झिजून बारीक उंचवटा आला असेल तर गेज फसतं: ते उंचवट्याला अडतं, खरी फट त्याहून मोठी असते. म्हणून आधी घासून सपाट करायचं, मग मोजायचं. फट झाली की टायमिंग. जुन्या पद्धतीत पिस्टन माथ्याला पोहोचायच्या साधारण ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. उघडले हे कसं कळणार? दोन पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा आणि हलकेच ओढत राहायचं. ज्या क्षणी कागद सुटतो तो क्षण. क्रम उलटा करून चालत नाही. आधी टायमिंग लावून मग फट बदलली, तर फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाली की उशिरा, म्हणजे लावलेलं टायमिंग गेलं.

पर्सिग बरोबर होता हे इथे कळतं. तो कागद सुटतो त्या क्षणी तुम्ही लोखंड बघत नसता. स्पार्क कधी पडायला हवा, ज्वाला पसरायला किती वेळ लागतो, तोवर पिस्टन कुठे पोहोचेल, असा एक न दिसणारा प्रसंग तुमच्या डोक्यात चालू असतो आणि बोटं त्याच्याशी जुळवून घेत असतात. ही कल्पना पुस्तकात दोन-तीन पानांत येऊन जाते. क्वालिटीवरच्या पुढच्या शंभर पानांपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते.

पर्सिगला या खरेपणाची एवढी ओढ का होती, याचं एक उत्तर बनारसमध्ये आहे. पन्नासच्या आसपास तो बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला आला होता. त्याआधी अमेरिकेच्या सैन्यात कोरियात राहून आलेला. पुस्तकात तो सांगतो की एके दिवशी वर्गात प्राध्यापक जग कसं मिथ्या आहे हे पुन्हा एकदा समजावत होते. फीड्रसनं हात वर करून विचारलं की हिरोशिमा-नागासाकीवर पडलेले बॉम्बसुद्धा मिथ्या का? प्राध्यापक हसून हो म्हणाले. तो उठला, वर्ग सोडला, देश सोडला.

हा प्रसंग वाचताना आपल्याकडच्या वाचकाला थोडं टोचतं, आणि टोचलेलं बरं. पण मला त्यात पुढचं माइल्स सिटी दिसतं. जग मिथ्या म्हणणाऱ्या हसऱ्या माणसाला उत्तर म्हणून पर्सिग एक टॅपेट दाखवतो. ढिला असेल तर तो वाजतो. तुम्ही काहीही मानत असलात तरी वाजतो.

पुढे चोविसाव्या प्रकरणात एका झाकणाचा एक स्क्रू निघत नाही. शंभर रुपयांचाही नसलेला तो स्क्रू अख्खी गाडी निकामी करून ठेवतो, आणि आधी ज्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं ती वस्तू एकदम जगातली सर्वात महत्त्वाची होते. सव्विसाव्या प्रकरणात तो 'हुरूप' घालवणाऱ्या सापळ्यांची यादीच देतो. (मूळ शब्द 'गम्प्शन'. हुरूप म्हटलं की नेमका येतो.) त्यात दक्षिण भारतातल्या माकडाच्या सापळ्याची गोष्ट आहे: नारळाला भोक पाडून आत भात ठेवतात, माकड हात घालतं, मूठ वळतं, आणि मूठ सोडवत नाही म्हणून अडकतं. त्याच प्रकरणात स्क्रू किती आवळायचा याबद्दल तो जे लिहितो ते कुठल्याही मिस्त्रीला मान्य होईल. बोटानं लागला तितका, मग बसला तितका, मग घट्ट. त्यापुढे आटे जातात. हे अंतर पुस्तकातून शिकता येत नाही, हातात यावं लागतं. आणि हे तो पुस्तकात लिहितो आहे याची त्याला गंमतही वाटत असावी.

आता माझी तक्रार.

मी वर जो अर्ध्या दिवसाचा उद्योग सांगितला, त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. तो एकट्यानं नीट होत नाही. पिस्टन केसभर पुढे-मागे न्यायचा तर गाडी स्टँडवर लावून, चौथ्या गिअरमध्ये टाकून, मागचं चाक हातानं हळूहळू फिरवावं लागतं. चाक मागे, पॉइंट पुढे. कागद ओढणारा माणूस आणि चाक फिरवणारा माणूस वेगवेगळे असतील तरच काम सोपं. आमच्या पार्किंगमध्ये चाकाशी माझी भाची असते. तेरा वर्षांची आहे, ओढून आणावी लागते. आमचं बोलणं असं चालतं:

"मामा, थांबू?"

"अजून एवढंसं. एवढंसंच."

"एवढंसं म्हणजे किती रे?"

"तू फिरव, मी सांगतो. सुटला! थोडं मागे घे."

"मागे घेतलं तर परत वेगळ्या जागी सुटेल ना?"

तिचा शेवटचा प्रश्न मॅन्युअलमध्ये नाही, पण अचूक आहे. साखळीत, गिअरमध्ये, सगळीकडे थोडी ढिलाई असते. चाक मागे घेऊन मोजलं तर ती ढिलाई मोजमापात शिरते. म्हणून पुरेसं मागे जाऊन परत पुढच्याच दिशेनं यायचं. चाक तिच्या हातात होतं म्हणून ढिलाई तिला जाणवली. माझ्या हातात कागद होता, मला ती जाणवणं शक्य नव्हतं.

पर्सिगच्या पुस्तकात हे चाक फिरवणारं माणूस नाही. कल्पना त्याची, हत्यारं त्याची, हुरूप त्याचा. आणि मुलगा जवळच असतो. अख्खा प्रवासभर असतो. पण त्याच्या हातात पाना दिला, 'हे धर' म्हटलं, असा लक्षात राहणारा एकही प्रसंग मला सापडत नाही. मुलाचं पोट दुखतं, मुलगा रडतो, चिडतो, कंटाळतो. बापाला ते दिसतं आणि तो काळजीनं नोंदवतो, एखादा आवाज नोंदवावा तसं. मग पुन्हा ग्रीकांकडे जातो.

हल्ली यूट्यूबवर जुन्या गाड्या 'रिस्टोर' करण्याचे जे व्हिडिओ असतात, ते मी आवडीनं बघतो. गंजलेला सांगाडा येतो, वीस मिनिटांत चकचकीत गाडी बाहेर पडते. बोलणं नाही, चेहरा नाही. काळे हातमोजे घातलेले दोन हात. आटे गेलेला बोल्ट कसा काढला, पार्ट कुणाकडून आणला, क्रोम कुठे करून घेतलं, हे कापलेलं असतं. हे पर्सिगचेच वारस आहेत. एकट्या माणसाच्या दोन हातांनी जग पुन्हा सुरळीत होतं, हे स्वप्न त्यांनी त्याच्याकडून उचललं. त्याच्या पुस्तकातले विचार तेवढे गाळले.

तक्रारीचा दुसरा भाग मेकॅनिकांबद्दल. दुसऱ्या प्रकरणात निवेदक सांगतो की त्याचं इंजिन जाम झालं म्हणून त्यानं गाडी एका गॅरेजात दिली. तिथे रेडिओ मोठ्यानं लावलेला. पोरं मस्करी करत काम करणारी. पुन्हा पुन्हा खोलूनही काम बिघडलेलंच. शेवटी त्यानं घरी स्वतः शोधलं: तेल पोचवण्याच्या व्यवस्थेतली पंचवीस सेंटची एक पिन तुटली होती. त्याचं निदान असं की त्या पोरांना कामाशी काही देणंघेणं नव्हतं, ती आपल्याच कामाकडे प्रेक्षकासारखी बघत होती. आस्था नाही म्हणून दर्जा नाही.

तुटलेल्या पिनबद्दल तो शंभर टक्के बरोबर आहे. पण रेडिओवरून त्यानं जे ताडलं ते मला पटत नाही. ज्या गॅरेजांच्या बाकड्यांवर बसून मी या गाडीबद्दल जे काही शिकलो ते शिकलो, तिथे दिवसभर गाणी चालू असतात, आणि मिस्त्री त्या गाण्यांमधून रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा वाजणारा टॅपेट ऐकतो. "एक्झॉस्टचा आहे," म्हणतो, मान वर न करता. त्या दुकानातल्या पोरांना पगार किती होता, गाडी किती वेळात द्यायची होती, मालक डोक्यावर उभा होता का, हे प्रश्न निवेदकाच्या मनाला शिवत नाहीत. सगळं वर्गीकरण करणारा, प्रत्येक पार्टची उतरंड मांडणारा हा माणूस मजुरी या विषयापाशी मात्र पुढे निघून जातो. त्याला आस्था परवडते. सुट्टी आहे, घर आहे, गाडी स्वतःची आहे, उशीर झाला तर कुणी ओरडणार नाही.

मॅथ्यू क्रॉफर्ड या दुसऱ्या अमेरिकन माणसानं २००९ साली 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' हे पुस्तक लिहिलं. तो राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेऊन व्हर्जिनियात मोटरसायकली दुरुस्त करायचा, पैसे घेऊन. पर्सिगच्या त्या गॅरेजातल्या प्रसंगावर तोही बोलतो, आणि साधारण पर्सिगच्या बाजूनंच बोलतो. पण त्याच्या पुस्तकात शिकवणारी जुनी माणसं आहेत, गिऱ्हाइकं आहेत, बिलात किती तास लावायचे याची टोचणी आहे. लेखक म्हणून तो पर्सिगच्या पासंगालाही पुरत नाही. गॅरेज मात्र त्याला जास्त कळलं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अवघड होतो. पर्सिग जगाचे दोन भाग करतो. 'क्लासिकल' माणसं, ज्यांना वस्तू आतून कशी चालते त्यात रस असतो. आणि 'रोमँटिक' माणसं, ज्यांना ती कशी दिसते, कशी वाटते त्यात. जॉन सदरलँड दुसऱ्या गटातला. त्याच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सरकतं, निवेदक म्हणतो की बिअरच्या कॅनचा पत्रा कापून त्याची पट्टी आत सरकवू, आणि जॉन दुखावतो: माझ्या एवढ्या भारी गाडीला डब्याचा पत्रा! हा प्रसंग धमाल आहे, आणि कुठल्याही आळीत बसून वाचला तरी हसू येईल, कारण आपली अर्धी वाहनं अशाच पत्र्यांवर चालतात.

पण आपल्याकडची खरी फाळणी स्वभावाची नाही. ती जन्मावरून झाली: कुणी पोथी हातात घ्यायची आणि कुणी घण. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जात कामं वाटून देऊन थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वर-खाली रचते. लोहाराला लोखंड आतून माहीत होतं, पण त्याच्या माहितीला कुणी ज्ञान म्हटलं नाही. खंडेनवमीला आपण पाना-पक्कडीला हळद-कुंकू वाहतो, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो, आणि तोच पाना वर्षभर धरणाऱ्या पोराला 'ए छोटू' म्हणतो. त्यामुळे मी, पांढरपेशा घरातला माणूस, रविवारी पार्किंगमध्ये हात काळे करून बसतो तेव्हा सोसायटीतल्यांना कौतुक वाटतं. "वा, छंद आहे!" तेच काम चौकातला मिस्त्री सोमवार ते शनिवार करतो तेव्हा ते कौतुक त्याच्या वाट्याला येत नाही. घरी ट्यूनिंग करणं म्हणजे मिस्त्रीशिवाय जमतं हे सिद्ध करणं, असा अर्थ मला कधी लावता आला नाही. मला तर दर वेळी काहीतरी विचारायला त्याच्याकडे जावंच लागतं, आणि तो ज्या दोन वाक्यांत उत्तर देतो त्यात क्वालिटीची व्याख्या नसते. क्वालिटी असते.

पर्सिगचं हे न दिसणं नुसतं अमेरिकनपण म्हणून सोडून देता आलं असतं. पण ते पुस्तकाच्या बांधणीतच आहे. आपल्या व्याख्यानांना तो 'शटोक्वा' म्हणतो. अमेरिकेत एकेकाळी गावोगावी तंबू ठोकून ज्ञान आणि करमणूक देणारे असे फिरते कार्यक्रम होत. आपल्याला जवळचं उदाहरण कीर्तनाचं. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, उत्तररंगात आख्यान लावायचं, आणि दोन्हीत समोरच्या माणसाचा डोळा लागला तर विनोद करून त्याला उठवायचं. कीर्तनकाराला समोरचा दिसतो. पर्सिगचा कीर्तनकार धावत्या मोटरसायकलवर आहे. इंजिनाचा आवाज, वारा. तो जे बोलतो ते फक्त आपल्याला ऐकू येतं, पाठीमागे बसलेल्या मुलाला नाही. जगातल्या सगळ्या पूर्वरंगांत इतका एकटा पूर्वरंग दुसरा नसेल.

आणि पर्सिगला हे माहीत आहे. इथे माझ्या तक्रारीला तोच उत्तर देतो, पण फार उशिरा, अगदी शेवटच्या पानांत. समुद्राकाठी बाप आणि मुलगा एकदाचे खरं बोलतात. मुलगा विचारतो की तू खरंच वेडा होतास का. बाप नाही म्हणतो. त्यानंतर ते हेल्मेट काढून निघतात, आणि मुलगा पायांवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून समोर बघतो. इतके हजार मैल त्याला काय दिसत होतं, तर बापाची पाठ. वाचकाच्या हे डोक्यातही आलेलं नसतं, कारण वाचकाला लेखकानं सतत पुढचा रस्ता दाखवलेला असतो.

मग मुलगा विचारतो, मी मोठा झालो की मला मोटरसायकल मिळेल का. बाप म्हणतो, निगा राखलीस तर. मुलगा विचारतो, त्यासाठी काय काय करावं लागतं. बाप म्हणतो, बरंच काही, तू बघत आलायस की. मुलगा विचारतो, अवघड असतं का. बाप म्हणतो, वृत्ती बरोबर असेल तर नाही.

लोक या संवादावर विरघळतात. मीही पहिल्यांदा विरघळलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी 'काय काय करावं लागतं' या प्रश्नापाशी अडकलो. निगा कशी राखायची यावर चारशेच्या आसपास पानं झाली आहेत. ती ज्याच्या दोन वीत पुढे बसून मनात रचली गेली, त्या मुलाला शेवटी हा प्रश्न विचारावा लागतो. आणि उत्तर काय, तर तू बघत आलायस. कशाकडे बघत? पाठीकडे. मराठीत 'निगा' हा शब्द यंत्राला आणि लेकराला एकच आहे. इंग्रजीत 'केअर' ला तसं जमतं, आणि पर्सिग त्या शब्दावर खूप भिस्त ठेवतो, पण कामाच्या वेळी शब्दाचं एकच टोक त्याच्या हातात असतं.

हा दोष म्हणून सांगताना मी अडखळतो. पुस्तक वाचवणारी गोष्टही हीच आहे. जो बाप आपण मुलाला शिकवत शिकवत नेलं असं लिहील, त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल? पर्सिगनं मुलाची चिडचिड गाळली नाही, स्वतःचा थंडपणा गाळला नाही. प्लगवरची काजळी दाखवावी तसं दाखवलं. कारण मात्र सांगितलं नाही. कदाचित इंजिनाच्या बाबतीत कारण सापडतं म्हणूनच तो इंजिनाकडे इतका वेळ वळून बसत असावा.

ख्रिस १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, तिथल्या झेन सेंटरजवळ, लुटारूंच्या हल्ल्यात मारला गेला. तेविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. पर्सिगनं १९८४ च्या आवृत्तीला जोडलेल्या मजकुरात याबद्दल लिहिलं आहे. पुस्तकातली सर्वोत्तम पानं कोणती असं विचारलं तर माइल्स सिटीच्या बरोबरीनं मी ही सांगेन. त्यात तो एकच प्रश्न घोळवतो: तो गेला कुठे? आणि उत्तर शोधताना सोळा वर्षांपूर्वी मोटरसायकलजवळ बसून केलेला विचारच पुन्हा हातात घेतो. ख्रिस म्हणजे फक्त हाडामांसाची वस्तू नव्हती, ती एक मांडणी होती, एक नक्षी. त्या नक्षीत बापही होता, घरही होतं, आणि मधला तुकडा निघून गेल्यावर उरलेली नक्षी स्वतःला कुठेतरी जोडू बघते आहे. थोड्याच काळानं त्याला आणि त्याच्या दुसऱ्या पत्नीला मुलगी झाली. तिचं नाव नेल.

पर्सिग २०१७ मध्ये गेला. ती सुपरहॉक आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्या फोटोत मी सगळ्यात आधी मागची सीट बघितली. पुढच्या सीटला ती इतकी चिकटून आहे की पुढे हात घातला तर अकरा वर्षांच्या मुलालाही बापाच्या कमरेवरून हँडलपर्यंत पोचता आलं असतं.